अंगात आलेले यंत्र

माणसाच्या अंगात येते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिले असेल. नवरात्रात किंवा जत्रेत हलगीचा ठेका वाढत जातो आणि एखादी शांत, सोशिक बाई एकाएकी घुमू लागते. भोवतालची मंडळी मग तिला ठराविक प्रश्न विचारतात : कोण आहेस? कुठून आलास? काय पाहिजे? या प्रश्नांत बरेच शहाणपण आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कारण हेच प्रश्न २०२४ च्या मे महिन्यात आम्ही बीडला एका लोखंडी यंत्राला विचारले, आणि त्याने एकेकाचे उत्तर दिले.

यंत्र माझ्या पुतण्याचे. सात वर्षे चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करून तो बीडला परत आला होता. 'पुण्याहून बीडला' असा उलटा प्रवास आमच्याकडे सहसा कोणी करीत नाही, त्यामुळे नातेवाइकांत बरीच कुजबूज झाली. त्याने घराच्या मागच्या पडवीत एक छोटे सीएनसी यंत्र मांडले. सुटे भाग मागवून स्वतःच जुळवलेले. त्यासाठी माझ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, निवृत्तीच्या पैशांतली एक ठेव मोडली होती.

सीएनसी हे नाव भारदस्त असले तरी कल्पना साधी आहे. लोखंडी चौकटीवर एक वेगाने फिरणारा कटर असतो. तो डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली असा तीन दिशांनी सरकतो. या प्रत्येक दिशेला 'अक्ष' म्हणतात. कोणत्या अक्षावर किती सरकायचे, ते माणूस हाताने ठरवीत नाही, आकडे ठरवितात. अमेरिकेत मिशिगनमधल्या जॉन पार्सन्स नावाच्या गृहस्थाला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे नेमके आकार साधण्याच्या खटपटीत ही गोष्ट सुचली, आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे असे यंत्र जगाला दाखविण्यात आले. त्या काळी त्याची नियंत्रण-कपाटे खोलीभर होती. पुढे इटलीतल्या इव्रेआ गावी २००५ साली आर्डुइनो नावाची तळहाताएवढी विद्युत्-पाटी निघाली, आणि २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड या तरुणाने तिच्यावर चालणारी 'ग्रबल' नावाची आज्ञावली लिहून जगाला फुकट देऊन टाकली. खोलीभर कपाटांचे काम आता आमच्या पडवीतल्या एका पाटीवर चालते, ते यामुळे.

पुतण्याने धरलेले काम आमच्या भागाला शोभेल असेच होते. ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्रात बियाण्याची एक चकती असते. तिच्या कडेला खळगे असतात. चकती फिरते, एकेका खळग्यात एकेक दाणा बसतो आणि ठराविक अंतरावर मातीत पडतो. सोयाबीन पेरायचे तर दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत साधारण ५ सेंटिमीटर अंतर लागते. बाजारातली चकती सगळ्याच बियाण्यांना जुळते असे नाही. कोणाचा दाणा टपोरा, कोणाचा बारीक. पुतण्या शेतकऱ्याकडून मूठभर बियाणे घेई, दाणे मोजमाप करून पाही, आणि त्या मापाची नायलॉनची चकती कातून देई. २४ खळगे, दर १५ अंशांवर एक. मृगाच्या आत तीसेक शेतकऱ्यांना चकत्या द्यायच्या होत्या. इसारही घेतलेला होता.

आणि नेमके त्याच वेळी यंत्राच्या अंगात आले.

दहा-बारा खळगे व्यवस्थित पडत. मग तेरावा एक-दीड मिलिमीटर बाजूला सरके, आणि पुढचे सगळेच त्याच्यामागे मेंढरासारखे चालू लागत. कधी पहिलीच चकती बिघडे, कधी सलग तीन उत्तम होत. कधी यंत्र मध्येच थांबून 'शेवटची हद्द आली' असे जाहीर करी, आणि प्रत्यक्षात हद्द वीतभर दूर असे. दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. पण खळगा चुकला की दाणा भरडला जातो, नाहीतर दोन दाणे एकदम पडतात. पीक उगवून आल्यावर ओळीत जी मोकळी जागा दिसते ती पुसता येत नाही. २०२३ साली पावसाने दगा दिलेला. लोकांनी बियाणे उधारीवर आणलेले. अशा माणसाच्या हातात वाकडी चकती देणे पुतण्याला शक्य नव्हते.

दादांचा स्वभाव थोडक्यात बोलण्याचा. ते म्हणाले, "मृगाच्या आत झालं तर ठीक. नाहीतर गिऱ्हाईक बघतो मी त्याला." यंत्राला, असे त्यांना म्हणायचे होते. पण पुतण्याला ते स्वतःबद्दलच वाटले असावे, कारण त्या रात्री तो जेवला नाही.

मी पुण्याहून सुट्टीला गेलेलो. आयुष्यभर शाळेत गणित शिकविले, यंत्रातले मला ओ की ठो कळत नाही. पण वही घालणे मला कळते. मी पुतण्याला म्हटले, "तू दुरुस्ती कर, मी लिहितो. वेळ, वेग, किती चुकलं, कुठल्या बाजूला चुकलं. आणि एक 'इतर' म्हणून रकाना."

"इतर कशाला, काका?"

"आपल्याला काय महत्त्वाचं आहे ते अजून माहीत नाही ना, म्हणून."

या यंत्राचे मर्म पुतण्याने मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितले, आणि ते मला फार आवडले. त्याची मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते, म्हणजे पाऊल १.८ अंशांचे. मोटर चालविणारी पेटी, तिला ड्रायव्हर म्हणतात, त्या पावलाचे आणखी आठ भाग करते. झाले १६०० ठोके. मोटरच्या एका फेऱ्यात स्क्रू ५ मिलिमीटर पुढे नेतो. म्हणजे एका मिलिमीटरला ३२० ठोके. नियंत्रकाची पाटी ठोके पाठविते, ड्रायव्हर ते पाळतो. पण कटर खरोखर तिथे पोचला का, हे विचारायला कोणी मागे वळून पाहत नाही. आंधळ्या माणसाने ओट्यापासून विहिरीपर्यंत पावले मोजीत जावे तसे हे चालते. मध्ये कोणी त्याला ढकलले तरी तो आपली मोजणी सोडत नाही. विहीर आली असे समजून तो वाकतो, आणि विहीर असते चार पावले पलीकडे.

मग प्रश्न असा राहिला की, आमच्या आंधळ्याला ढकलतो कोण?

प्रथम संशय लोखंडावर. वीज बंद करून स्क्रू हाताने फिरवून पाहिला. कुठे अडत नव्हता. मोटर आणि स्क्रू यांना जोडणाऱ्या कपलिंगचे बारीक स्क्रू आवळलेले होते. मोटरच्या दांड्यावर आणि कपलिंगवर मिळून पेनाने एक सरळ रेघ ओढून ठेवली. दिवसभराच्या कामानंतरही रेघ तुटली नाही, म्हणजे कपलिंग घसरत नव्हते. मग डायल गेज लावून स्क्रूतली मोकळीक मोजली. ती निघाली मिलिमीटरचे चार शतांश. पुतण्या म्हणाला, "मोकळीक रोज तेवढीच असते, काका. ती लहरी नसते. आपला चोर लहरी आहे."

दुसरा संशय हिशेबावर. मिलिमीटरमागे ठोके चुकीचे दिले असतील तर? पण मग १०० मिलिमीटरला जेवढे चुकेल त्याच्या दुप्पट २०० ला चुकले पाहिजे. वहीतल्या आकड्यांत असे कोणतेच प्रमाण दिसेना. तोही निर्दोष सुटला.

तिसरा संशय वेगाचा. मोटरला झेपणार नाही इतक्या वेगाने पळविले तर तिची पावले गळतात. म्हणून वेग निम्मा केला. आणि मौज अशी की, चूक कमी व्हायच्या ऐवजी वाढली! पुतण्या हिरमुसला. मी मात्र वही उलटसुलट करून पाहत होतो. अंतर तेच, वेळ दुप्पट, चूक जास्त. म्हणजे चूक अंतराबरोबर वाढत नव्हती, वेळेबरोबर वाढत होती. शिवाय 'कुठल्या बाजूला' या रकान्यात कधी 'कमी' होते, तर कधी 'जास्त'. दमलेला माणूस पावले कमी टाकील, जास्त कशाला टाकील? याचा अर्थ मोटर दमत नव्हती. न पाठविलेले ठोके तिला कोठून तरी ऐकू येत होते. 'कोण आहेस?' या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

आता 'कुठून आलास?' यासाठी पुतण्याने जी युक्ती केली ती प्रत्येक गृहस्थाने लक्षात ठेवावी अशी आहे. बिघडलेली वस्तू उघडून बसण्यापेक्षा तिची चांगल्या वस्तूशी अदलाबदल करावी आणि दोष कोणाबरोबर जातो ते पाहावे. त्याने आडव्या आणि उभ्या अक्षांच्या मोटरची टोके ड्रायव्हरपाशी उलटसुलट जोडली. आता आडव्याची आज्ञा उभ्याला. दोष लगेच उभ्या अक्षावर गेला. म्हणजे आडव्याची मोटर, तिची केबल, तिचा स्क्रू, सगळे निष्पाप. मग ती जोडणी पूर्ववत् करून दोन्ही ड्रायव्हर आपसांत बदलले. दोष जागचा हलला नाही. ड्रायव्हरही सुटले. उरली नियंत्रकाची पाटी आणि तिच्यापासून ड्रायव्हरपर्यंत जाणाऱ्या दोन बारीक तारा.

त्यानंतरची परीक्षा सोपी होती. चकती न लावता यंत्राला १०० मिलिमीटर जायला आणि परत यायला सांगितले, पन्नास वेळा. कटर बंद ठेवला तेव्हा डायल गेजचा काटा प्रत्येक वेळी शून्यावर आला. कटर नुसता हवेत फिरता ठेवला, आणि काटा भरकटला. कटरच्या मोटरला वेग देणारी इन्व्हर्टरची पेटी विजेचे सेकंदाला हजारो तुकडे पाडते. त्या गोंगाटाची केबल आमच्या बारीक तारांना चिकटून, एकाच नळीतून गेलेली होती. त्या तारांतले ठोके अवघे ५ व्होल्टचे. जत्रेतल्या हलगीजवळ उभे राहून कोणी कानात कुजबुजावे, तशी ती स्थिती.

पण मग हिवाळाभर हेच यंत्र सुरळीत कसे चालले? केबल तेव्हाही तिथेच होती. या प्रश्नापाशी आम्ही दोन दिवस अडलो.

त्याचे उत्तर 'इतर' या रकान्यात होते. तिथे दोन नोंदी होत्या. पहिली वहिनींची. पडवी झाडताना त्या मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, त्या यंत्राला ओल्या फडक्यानं पुसायला गेले की हाताला मुंग्या येतात हो." पुतण्या तिथल्या तिथे म्हणाला होता, "आई, ते काही नसतं, नुसतं स्टॅटिक." मी लिहून ठेवले. दुसरी नोंद पावसाची. १८ मेच्या संध्याकाळी वळवाची एक जोरदार सर येऊन गेली होती. त्यानंतरच्या दोन दिवसांत चूक जवळजवळ शून्य. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा अंगात येणे सुरू.

मी दोन्ही ओळी वाचून दाखविल्या. पुतण्या काही बोलला नाही. उठला आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वयोवृद्ध वायरमनला घेऊन आला.

ते गृहस्थ यंत्राकडे फिरकलेसुद्धा नाहीत. सरळ परसात गेले. घराच्या अर्थिंगचा खड्डा तिथे होता. त्यांनी झाकण काढले, हाताने माती उकरली, चिमटीत घेऊन ती फुंकली. माती पिठासारखी उडाली. मग मीटर लावून रोध मोजला. घराचे अर्थिंग पाच ओहमच्या आत असावे, आमचे चाळिसाच्या वर निघाले.

"जिमिनीत ओलच न्हाई, मास्तर," ते म्हणाले, "मंग अर्थिंग घेणार कशाला?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पूर्वी भांड्यांचं सगळं पाणी इथंच मुरायचं. यंदा टँकरचं पाणी. म्हणून जानेवारीपासून मी ते लिंबाच्या झाडाला वळवलं."

आणि कोडे उलगडले. इन्व्हर्टर आणि वीज-पुरवठ्याच्या पेट्या यांतून थोडीशी वीज नेहमीच यंत्राच्या अंगावर गळत असते. तिने अर्थिंगच्या तारेतून निमूटपणे जमिनीत जावे अशी व्यवस्था असते. जमीन कोरडी पडली, वाट बंद झाली. मग ती वीज यंत्राच्या सांगाड्यावर साचून राहिली. तिने वहिनींच्या हाताला मुंग्या आणल्या, आणि जिथून वाट मिळेल तिथून, आमच्या बारीक तारांमधूनही, ती हिंडू लागली. वळीव पडला, माती भिजली, दोन दिवस वाट उघडली. माती वाळली, पुन्हा बंद.

चकत्या बिघडत होत्या याचे आम्हाला दुःख. वायरमनला मात्र वेगळीच काळजी. ते म्हणाले, "चकतीचं जाऊ द्या. ताईंनी वल्लं फडकं घेऊन हात लावला आन् त्याच येळंला आतली तार उघडी पडली आसती, तर?" पडवीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही. दादा आत जाऊन पैसे घेऊन आले आणि न मोजता त्यांच्यापुढे ठेवले.

दुरुस्ती आम्ही मुद्दाम एका वेळी एकच केली, कारण कशाने गुण आला ते कळायला हवे. प्रथम अर्थिंगचा खड्डा खोल करून नवा पाइप, कोळसा आणि मीठ घालून पाणी भरले. रोध चार ओहमवर आला, वहिनींच्या मुंग्या थांबल्या, आणि यंत्राची चूक पुष्कळ कमी झाली. पण संपली नाही. मग बारीक तारांच्या जागी जाळीचे वेष्टन असलेल्या तारा टाकल्या, ते वेष्टन सांगाड्याला जोडले, कटरची केबल वीतभर दूर नेली, आणि सगळ्या पेट्यांच्या अर्थिंगच्या तारा एकाच तांब्याच्या पट्टीवर आणल्या. पुन्हा पन्नास फेऱ्या. काटा शून्यावर. शंभर फेऱ्या. शून्यावर. शेवटी गळती होताच वीज तोडणारे स्विच मुख्य फलकावर बसविले. ते यंत्रासाठी नव्हे, माणसांसाठी.

मृगाला सहा दिवस उरले होते. पुतण्या रात्रंदिवस बसला, आणि ३० चकत्या वेळेत गेल्या. दादांनी गिऱ्हाइकाचा विषय पुन्हा काढला नाही. एका रात्री मात्र ते पडवीत येऊन उभे राहिले आणि पुतण्याला म्हणाले, "एका मिलिमीटरला किती ठोके म्हणालास?" "तीनशे वीस." "बरं," एवढे बोलून ते झोपायला गेले. आमच्या घरी याला शाबासकी म्हणतात.

खरे पाहता जमिनीखालच्या गोष्टीचे महत्त्व बीडच्या माणसाला सांगावे लागू नये. निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आमच्या शहराजवळच आहे. तिचे पाणी जमिनीखाली बांधलेल्या वाटांनी खेळते, आणि तिची कीर्ती सांगणारा प्रत्येकजण त्या न दिसणाऱ्या वाटांचीच कीर्ती सांगत असतो. तरीही यंत्र भरकटले तेव्हा आम्ही जे दिसत होते तेच सारे तपासले. संगणक, मोटर, स्क्रू, आज्ञावली. परसातला खड्डा कोणाच्याच यादीत नव्हता.

तुमच्या घरी सीएनसी यंत्र नसेल. पण फ्रीज असेल, धुलाई यंत्र असेल, गीझर असेल. त्यांपैकी कशालाही हात लावल्यावर मुंग्या येतात असे घरातली कोणी बाई म्हणाली, तर 'ते काही नसतं' असे म्हणू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या, विशेषतः उन्हाळ्यात, पाणी नसते तेव्हा. वहिनींनी आता वाटणी केली आहे : भांड्यांचे पाणी लिंबाला, हात धुतलेले खड्ड्याला. लिंबू तग धरून आहे, यंत्रही शहाण्यासारखे वागते आहे. आणि त्या तिसऱ्या प्रश्नाचे, 'काय पाहिजे?' याचे, उत्तर विचाराल तर त्याला नारळ नको होता, कोंबडे नको होते. फक्त रोज बादलीभर पाणी पाहिजे होते.